‘फॉर्मिडेबल’ फौजेला मराठीत काय म्हणाल?

काकपद: जगाच्या इतिहासातल्या सर्वांत ‘फॉर्मिडेबल’ फौजांवरच्या लेखाचं भाषांतर करतेय. पहिल्या खर्ड्यात ‘अजिंक्य’ लिहिलं, तर संपादकांनी समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलं, ‘मग हरल्या कशा?’ बरोबरच आहे म्हणा. इ.स. ९ मध्ये ट्युटोबर्गच्या जंगलात रोमनांची तीन लीजन्स कापली गेली. १२६० मध्ये ऐन जालूतला मामलुकांनी मंगोलांना हरवलं. मग ‘बलाढ्य’ घालून पाहिलं. त्यात आकार दिसतो, धसका दिसत नाही. सुचवा.

पूर्वरूप: दुर्धर्ष. धृष् धातू, ‘धृष्ट’ त्यातलाच. ज्याच्या अंगावर जायची कुणाची हिंमत होत नाही तो. आणि ‘फौज’ कशाला? अरबी आहे. लष्कर फारसी. सेना म्हणा.

बिनघोड्याचा शिलेदार: ‘हिंमत’ही अरबीच बरं का.

काकपद: 😀 पण ‘दुर्धर्ष’ वाचून वाचकच माघार घेईल हो.

पूर्वरूप: शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला, सरनोबताचा सेनापती झाला. तेव्हा लोकांना जमलंच ना?

बिनघोड्याचा शिलेदार: सेनापती रुळला, मान्य. पण बारगीर आणि शिलेदार कुठे गेले? सरकारी घोड्यावरचा तो बारगीर, स्वतःचा घोडा आणणारा शिलेदार. बंगालीत त्या बारगिराचा ‘बर्गी’ झाला आणि अंगाईगीतात जाऊन बसला. १७४०च्या दशकातल्या स्वाऱ्या, पण पोरांना अजून त्याच नावाने निजवतात. फॉर्मिडेबल म्हणजे हे! याला विशेषण कशाला हवं?

पैलतीर: आमचे वडील ‘जरब’ म्हणत. ‘त्या पलटणीची जरबच तशी होती.’ जरबेचा मूळ अरबी अर्थ ठोका, आघात. मुघल नाण्यांवर टाकसाळीच्या गावाआधी ‘जर्ब’ असतं ते हेच, म्हणजे अमुक ठिकाणी ठोकलेलं. मराठीत मात्र ठोका पडायच्या आधी जे वाटतं ती जरब. मला हा प्रवास फार आवडतो.

काकपद: जरब झकास! पण विशेषण कसं करू? ‘जरबदार फौजा’?

पूर्वरूप: कानाला कसंसंच.

दशमान: शब्द कुठलाही घाला, पण ‘मंगोल टोळ्या’ लिहू नका, हात जोडतो. दहाचा गट, असे दहा मिळून शंभर, मग हजार, मग दहा हजारांचा तुमेन. एवढी घट्ट उतरंड असलेल्या फौजेला टोळी? ‘ओर्दू’ म्हणजे छावणी किंवा तळ. त्यावरून इंग्रजांनी ‘होर्ड’ केलं, आपण त्याची टोळी केली. उर्दू भाषेचं नाव त्याच ओर्दूवरून आलंय, तिला कुणी टोळभाषा म्हणतं का?

पूर्वरूप: टोळी शब्द टोळावरूनच आला असावा, असं मला वाटतं. टोळधाड पडते तशी ती येते. त्यामुळे चपखल आहे.

दशमान: कशावरून? मग पोळी पोळावरून का?

पैलतीर: ज्यांचं पीक गेलं ते टोळीच म्हणणार हो. आपल्या बाजूची असली की पलटण.

बिनघोड्याचा शिलेदार: अजिंक्यवरही एवढे रागावू नका. खेळातलं अजिंक्यपद पुढच्या वर्षी दुसऱ्याकडे जातं, तरी शब्द तोच ठेवतो की आपण.

काकपद: अहो मंडळी, उद्या सकाळी मजकूर द्यायचाय. दुर्धर्ष की जरबदार?

दशमान: कुठलंही नको. वाक्य फिरवा. ‘ज्यांच्या नुसत्या नावाने समोरच्याची गाळण उडे अशा फौजा.’

काकपद: मथळा आहे तो. चार शब्दांत बसवायचाय.

पूर्वरूप: दुर्धर्ष सेना. दोनच झाले.

पैलतीर: फौजांवरून आठवलं, पानिपतावरच्या इब्राहिमखानाच्या गारद्यांचा आणि ‘गर्दी’चा काही संबंध आहे का? आमच्याकडे यावरून कडाक्याचं भांडण झालं होतं.