एनसीएलटीत अर्ज झालेल्या कंपनीचे शेअर: ॲव्हरेज करू की निघू?

चिंचवडची
कंपनीचं नाव लिहीत नाही. वाहनांचे सुटे भाग बनवते, स्मॉलकॅप. माझे ३,००० शेअर आहेत, सरासरी ४१ रुपये. आज भाव १८. प्रवर्तकांचे ७८ टक्के शेअर गहाण, ऑडिटरने वर्षाच्या मध्येच राजीनामा दिला, आणि एका बँकेने एनसीएलटीत (दिवाळखोरीची प्रकरणं चालतात ते न्यायाधिकरण) अर्ज केलाय, तो अजून दाखल करून घेतलेला नाही. टेलिग्रामवर रोज येतं की मोठा समूह कंपनी घेणार. दीर म्हणतात, १८ ला आणखी ५,००० घे, सरासरी २७ च्या खाली येईल. काय करावं?

बुलरन
ताई, पवनचक्क्यांची सुझलॉन विसरलात? २०२० च्या मार्चमध्ये दोन रुपयांच्या आत होता, २०२४ मध्ये ऐंशीच्या वर. खाद्यतेलाची रुची सोया तर विचारूच नका. घाबरणारे मागे राहतात.

वसुलीखाते_निवृत्त
बँकेत बरीच वर्षं थकीत कर्जांची वसुली केली, त्यामुळे टेबलाच्या पलीकडच्या बाजूने सांगतो.

सुझलॉनच्या कर्जाची फेररचना बँकांनी दिवाळखोरी प्रक्रियेबाहेर केली. जुने भागधारक राहिले, पण शेअरांची संख्या भरमसाट वाढली. २०२२ चा राइट्स इश्यू, म्हणजे जुन्या भागधारकांना देऊ केलेले नवे शेअर, ५ रुपयांना होता.

रुची सोयाची गोष्ट लोक अर्धीच सांगतात. पतंजलीने कंपनी घेतली तेव्हा जुन्या १०० शेअरांमागे १ नवा मिळाला. जानेवारी २०२० मध्ये तो सतराच्या आसपास पुन्हा सुरू झाला आणि जूनपर्यंत दीड हजारावर गेला, कारण बाजारात फिरायला जेमतेम एक टक्का शेअर होते. तुमच्या ३,००० चे तिथे ३० झाले असते.

आणि डीएचएफएल, दिवाळखोरीत गेलेली गृहकर्ज कंपनी. जून २०२१ मध्ये ती ताब्यात घेण्याच्या पिरामल समूहाच्या योजनेला एनसीएलटीची मंजुरी मिळाली. 'मंजुरी' हा शब्द वाचून लोक शेअर घेत सुटले. योजनेत समभागांची किंमत शून्य धरली होती. काही दिवसांतच व्यवहार बंद, शेअर संपले. कंपनी मात्र जगली.

म्हणून 'मोठा समूह घेणार' ही बातमी खरी निघाली तरी तुम्हाला काय मिळणार, हा प्रश्न वेगळा. योजना कर्जदात्यांच्या समितीत ६६ टक्के मतांनी ठरते. तिथे आम्ही आमचे किती रुपये सुटतात ते बघायचो. किरकोळ भागधारकाचं नावही निघत नसे. पंगतीत तो शेवटी बसतो, वाढपी तिथवर येईतो पातेलं खरवडलेलं असतं.

स्विंगवाला_नाशिक
काका, गुंतवणूक नकोच. बातमीवर दोन दिवस खेळायचं, स्टॉपलॉस १६ ला, भाव तिथे आला की आपोआप विक्री. यात काय धोका?

वसुलीखाते_निवृत्त
स्टॉपलॉस लागायला समोर खरेदीदार हवा. पाच टक्क्यांचं सर्किट (दिवसात भाव त्याहून जास्त हलू देत नाहीत) असलेला शेअर सलग दहा दिवस खाली बसला की १८ चे पावणेअकरा होतात, आणि मधे तुम्हाला बाहेर पडता येतंच असं नाही. त्यात ७८ टक्के गहाण. भाव पडला की सावकार मार्जिन, म्हणजे जादा तारण मागतो, प्रवर्तकाकडे नसतं, तो गहाण शेअर बाजारात ओततो आणि भाव आणखी पडतो. विकणाऱ्यांच्या त्या रांगेत तुमचे पाचशे शेअर कुठे असतील?

शिवाय शेअर टी टू टी गटात (प्रत्येक खरेदीची डिलिव्हरी घ्यावीच लागते) असेल तर आज घेऊन आजच विकता येत नाही. जीएसएम, म्हणजे एक्स्चेंजच्या खास देखरेखीच्या वरच्या टप्प्यात गेला तर आठवड्यातून एकदाच व्यवहार. खेळायचंच असेल तर शून्य झाले तरी घरात कुणाला कळणार नाही एवढेच पैसे.

चिंचवडची
म्हणजे दिरांना नाही म्हणते. आहेत ते ठेवू का? एका म्युच्युअल फंडात यंदा नफा काढलाय.

वसुलीखाते_निवृत्त
मग आणखी एक कारण. विकून झालेला तोटा भांडवली नफ्यातून वजा होतो, उरलेला आठ वर्षं पुढे नेता येतो, रिटर्न मुदतीत भरलं तर. दीर्घ मुदतीचा तोटा मात्र दीर्घ मुदतीच्याच नफ्यातून, तेव्हा खरेदीची तारीख बघा. योजनेत शेअर रद्द झाल्यावर तोच तोटा दाखवताना वाद होतात. ऑडिटरच्या राजीनाम्याचं पत्र एक्स्चेंजच्या साइटवर असतं, तेही वाचा. 'माहिती मिळाली नाही' असं लिहिलं असेल तर मी एकही ठेवणार नाही.

चिंचवडची
वाचलं. तेच लिहिलंय. उद्या विक्रीची लिमिट ऑर्डर (ठरवलेल्या भावाची) लावते.

वसुलीखाते_निवृत्त
बाजार उघडण्याआधीच टाका, रांगेत नंबर लवकर लागतो. सगळे एकदम गेले नाहीत तर रोज टाकत राहा.