'दुय्यम खडी गंमत'मधला दुय्यम कोण? आणि 'बँड'ला इकडे काय म्हणतात?

प्रश्न, साकोलीहून:

बदलीमुळे नाशिकहून भंडारा जिल्ह्यात आले. दिवाळी झाली की इथे गावोगाव मंडई भरते. ही भाजीची मंडई नव्हे. पाळणे, मिठाई, लेकीबाळी माहेरी आलेल्या, अशी एका दिवसाची जत्राच. तिच्या पत्रकावर ठळक अक्षरांत होतं: 'दुय्यम खडी गंमत'. दुय्यम निबंधक, दुय्यम दर्जा, दुय्यम भूमिका हे आपले रोजचे शब्द. मग आयोजक आपल्याच कार्यक्रमाला दुय्यम का म्हणवून घेतात?

कार्यक्रम तर अव्वल होता. भर दुपारी, समोर जेमतेम गावापुरती माणसं. त्यातल्या एका शाहिराचा आवाज कानात बसला आहे. वरच्या पट्टीत ओळ सोडून देतो, मागचे झीलकरी ती अचूक उचलतात आणि ढोलकी तेवढ्यात लय बदलते. त्यांचं आणखी ऐकायचं आहे, लोकांना सांगायचं आहे. पण 'माझा आवडता बँड' म्हटलं की इथे ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लग्नाची वरात येते. नेमका शब्द कोणता?

उत्तर, अर्जुनी मोरगावहून:

ताई, तुम्ही मंडईत नाटकासाठी रात्रीची वाट न पाहता दुपारच्या गमतीला थांबलात, यातच सगळं आलं.

आधी 'दुय्यम'. शब्द फारसीतला, अर्थ 'दुसरा'. प्रमाण मराठीत त्यातून 'खालच्या दर्जाचा' हा अर्थ पक्का झाला. आमच्या भंडारा-गोंदियाकडे मात्र 'दुय्यम' म्हणजे समोरासमोर दोन पक्ष. एक शाहीर सवाल टाकतो, दुसरा जवाब देतो, मग पाळी उलटते. बुद्धजयंतीला किंवा आंबेडकर जयंतीला 'दुय्यम कव्वाली' असते, तिथेही हेच: एकाच मंचावर दोन कव्वाल. माझ्या मते 'दुसरा' इथे 'जोडीचा, तोडीचा' या अंगाने वळला असावा. यात कोणी कमी नसतं, उलट तोडीस तोड माणूस समोर नसेल तर दुय्यम रंगतच नाही. शाहिरी परंपरेत कलगी-तुऱ्याचा सामना जुनाच आहे, तुरेवाले शिवाला थोर मानणारे आणि कलगीवाले शक्तीला. त्या झगड्याची सवय असलेल्या कानांना 'दुय्यम'चा हा अर्थ परका वाटत नाही.

'खडी' म्हणजे उभी. शाहीर, नाच्या, साथीदार सगळे उभ्याने खेळतात. आणि 'गंमत' हा इथे प्रयोगाचा प्रकार आहे, नुसती मजा नव्हे. 'गंमत पाहायला चाललो' असं आमचा माणूस म्हणतो तेव्हा तो काहीतरी मजेशीर बघायला नव्हे, खेळ बघायला चाललेला असतो.

आता बँड. शब्दकोशात 'वाद्यवृंद' सापडेल, पण तो आमच्या बांधावर कोणी उच्चारणार नाही. बोलण्यात एकच शब्द: पार्टी. दंडारीची पार्टी (दंडार हेही इकडचं लोकनाट्य), गमतीची पार्टी. 'कोनाची पार्टी हाये जी?' हा मंडईतला पहिला प्रश्न. छापील पत्रकावर तीच पार्टी 'शाहीर अमुक आणि संच' होते. राजकीय पक्षाशी किंवा वाढदिवसाशी गल्लत होत नाही, कारण आधी नेहमी शाहिराचं किंवा गावाचं नाव लागतं. नाटकवाल्यांचं वेगळं. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे झाडीपट्टीतल्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या, नाटकांचं मोठं ठाणं. तिथल्या संस्थांच्या नावात 'रंगभूमी' किंवा 'रंगमंच' असतं. त्यांच्याकडे निदान पाहिलं तरी जातं. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. गमतीच्या शाहिरांची मात्र चार तालुक्यांपलीकडे कोणी विचारपूस करत नाही, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून तुमचा प्रश्न वाचून आनंद झाला.

प्रतिसाद, तिवसा तालुक्यातून:

आमच्या अमरावतीकडे 'पार्टी'पेक्षा 'मंडळ' जास्त चालतं. गुरुकुंज मोझरीचा प्रभाव. तुकडोजी महाराजांनी खंजिरी भजनं गावोगाव पोचवली, श्री गुरुदेव सेवा मंडळं उभी केली. भजन म्हणणारा चमू आपसूक 'मंडळ' झाला. 'दुय्यम' खंजिरीचंही ऐकलं आहे. तिकडे पुण्या-साताऱ्याकडचा 'फड' मात्र आमच्याकडे कोणी भजनाला लावत नाही, तो तमाशाचाच.

पुन्हा साकोलीहून:

म्हणजे मला जी पार्टी आवडली, ती समोरच्या पार्टीमुळेच एवढी खुलली. हे आता लक्षात येतंय. पहिल्या शाहिराने पुराणातला एक अवघड सवाल टाकला नसता, तर यांचा तो जवाब ऐकायलाच मिळाला नसता. 'दुय्यम'चा इथला अर्थ कोशात यायला हवा असं मला ठामपणे वाटतं. एक शेवटचं: त्यांना पुन्हा ऐकायचं तर शोधायचं कुठे?

अर्जुनी मोरगावहून:

पत्रक जपून ठेवलं असेल तर त्यावर शाहिराचं गाव असेलच. नसेल तर ज्या गावची मंडई होती तिथल्या पंचमंडळींना विचारा, सुपारी त्यांनीच दिलेली असते. विचारताना 'बँड' नको, 'ते गमतीची पार्टी' म्हणा, आणि शाहिराच्या नावाआधी 'शाहीर' लावायला विसरू नका. पुढच्या मंडया भाऊबीजेपासून सुरू होतील, एकेका गावाचा दिवस ठरलेला असतो. आमच्या तालुक्यात आलात तर कळवा, दुपारचं जेवण आमच्याकडे.