साथीच्या काळातील आरोग्यसंदेश : पारख कोणी करायची?

निरगुडी :
१ मे २०२१ पासून १८ वर्षांवरील सर्वांना कोरोनाची लस खुली होणार होती. त्याच्या आठवडाभर आधी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर एक संदेश आला की, मासिक पाळीच्या आधीचे आणि नंतरचे पाच-पाच दिवस स्त्रियांनी लस घेऊ नये, कारण त्या काळात प्रतिकारशक्ती घटलेली असते. तो पाठवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका होत्या, त्यांचा हेतू निर्मळ होता आणि तो वाचून दोघी-तिघींनी आपली नोंदणी लांबणीवर टाकली. केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या तथ्यतपासणी विभागाने २४ एप्रिललाच हा दावा खोटा असल्याचे जाहीर केले होते, पण माझा मुद्दा त्या खुलाशाच्याही आधीचा आहे. १६ जानेवारीपासून परिचारिका, आशाताई, महिला डॉक्टर लस घेत होत्या आणि त्यांच्यापैकी कोणालाही पाळीची तारीख विचारली गेली नव्हती. शिवाय आधीचे पाच, नंतरचे पाच आणि मधले पाळीचे दिवस धरले तर निम्मा महिना बाद होतो. एवढी मोठी अट असती तर ती लसीकरण केंद्राच्या दारावर लावलेली दिसली असती. हे ओळखायला वैद्यकीय पदवी लागत नाही. संदेशाखाली नाव नाही, तारीख नाही, आधार नाही, एवढे पाहून बोट थांबले पाहिजे, आणि ते थांबवणे ही पुढे पाठवणाऱ्याची स्वतःची जबाबदारी आहे, असे माझे ठाम मत आहे.

कऱ्हाकाठ :
मी असहमत आहे, कारण पाळीचे उदाहरण आपण अर्ध्यावर सोडले आहे. लस घेतल्यानंतर पाळी पुढे गेली किंवा रक्तस्राव वाढला असे जगभरातल्या स्त्रिया सांगत होत्या, तेव्हा पुष्कळांना ‘ताणामुळे होत असेल’ असे उत्तर मिळाले. जानेवारी २०२२ मध्ये सुमारे ४,००० अमेरिकी स्त्रियांच्या नोंदींवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एका मात्रेनंतर पाळीचे चक्र सरासरी एका दिवसाहूनही कमी काळाने लांबत असल्याचे आढळले. बदल किरकोळ आणि तात्पुरता होता, पण तो होता. प्रतिकारशक्तीविषयीचा तो संदेश चुकीचाच होता, हे मान्य. तरीही ‘पाळीचा आणि लसीचा काही संबंध नाही’ असे ज्यांनी छातीठोकपणे सांगितले, त्यांच्याही हाती तेव्हा पुरावा नव्हता.

आता आपली कसोटी दुसरीकडे लावून पाहू. २८ मार्च २०२० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने ट्विटरवर लिहिले की, हा आजार हवेतून पसरत नाही. नाव होते, तारीख होती आणि संस्था तर याच कामासाठी उभी राहिलेली होती. तरी विधान चुकले आणि पुढे संघटनेला आपली भूमिका बदलावी लागली. प्लाझ्माची, म्हणजे बऱ्या झालेल्या रुग्णाच्या रक्तातील द्रव आजारी माणसाला देण्याच्या उपचाराची गोष्ट तर अधिक वेदनादायक आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ३९ रुग्णालयांत ४६४ रुग्णांवर केलेली चाचणी २०२० मध्येच सांगत होती की, प्लाझ्मामुळे मृत्यू टळत नाहीत. तरीही ती उपचारपद्धती मार्गदर्शक सूचनांतून निघाली १७ मे २०२१ रोजी. मधल्या एप्रिलमध्ये आपण सगळेच ‘बी पॉझिटिव्ह दाता तातडीने हवा’ असे संदेश रात्री-अपरात्री पुढे पाठवत होतो. माझ्या काकांसाठी मी स्वतः तसे ४०-५० संदेश पाठवले. त्या वेळी मी आरोग्याच्या बाबतीत निरक्षर होतो का? ज्यांच्या हाती पुरावा होता त्यांचा उशीर सामान्य माणसाच्या माथी मारू नये.

तालुका_डॉक्टर :
दोघांच्या मधली एक गोष्ट राहून जात आहे. त्याच एप्रिलमध्ये कापूर, ओवा आणि लवंगेची पुरचुंडी हुंगली की ऑक्सिजन वाढतो, असा संदेश फिरत होता. माझ्याकडे आलेल्या एका रुग्णाच्या रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण ८८ टक्के होते आणि आदल्या दिवसापासून घरचे त्याला पुरचुंडी देत होते. पुरचुंडीने त्याला अपाय केला नाही. गेलेल्या दिवसाने केला. म्हणून मी रुग्णांना ‘हे खरे की खोटे’ यापेक्षा आधी ‘यावर विसंबून मी काय करायचे थांबवणार आहे’ हे विचारायला सांगतो. प्रमाण ९४ च्या खाली गेले की घरी थांबायचे नाही, हे एक वाक्य ज्या घरांना ठाऊक होते तिथे पुरचुंडी उशाशी असूनही माणूस वेळेत आला.

खुलाशांबद्दलही बोलले पाहिजे. लाल अक्षरांत ‘खोटे’ असा शिक्का मारलेले चित्र पाहून माझे रुग्ण विचारत, ‘खोटं आहे ते कळलं डॉक्टर, पण का?’ त्या ‘का’चे उत्तर साध्या मराठीत चार ओळींत मिळत नव्हते, अफवेला मात्र स्वतःचे कारण तयार असे. फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो या अफवेने राज्यातल्या कुक्कुटपालकांचे कंबरडे मोडले, तेव्हाही हेच झाले होते.

निरगुडी :
कऱ्हाकाठ, आपल्या काकांसाठीच्या संदेशांबद्दल मी कोणालाच दोष देणार नाही, आणि नाव-तारखेची माझी कसोटी अपुरी आहे हेही मान्य करते. एक फरक मात्र मी सोडणार नाही. प्लाझ्मा निरुपयोगी आहे हे आपल्याला कळले ते परिषदेच्याच चाचणीतून. पाळीच्या संदेशाचा कर्ता कधीच परत आला नाही. चुकीची दुरुस्ती जिथून येऊ शकते तिथली माहिती आणि जिथून ती कधीच येणार नाही तिथली माहिती, या दोन्ही मी एका तागडीत तोलणार नाही.

कऱ्हाकाठ :
तो फरक मलाही मान्य आहे. पण दुरुस्ती सात-आठ महिने उशिरा सूचनांत उतरत असेल, तर तिचा हिशेब मागणे हाही आरोग्यसाक्षरतेचाच भाग धरा. या चर्चेच्या पहिल्या परिच्छेदात तो नव्हता, म्हणून मी लिहायला बसलो.