मदत हवी आहे: एआय कोडिंग टूलमधलं भोक कळवायचं कुणाला?

टॉवेलवाला_एमआयडीसी
लवकर सांगा कुणीतरी. एआय कोडिंग टूलमध्ये सिक्युरिटीचा मोठा घोळ सापडलाय. कंपनीच्या चॅटवर दोन तास घालवले, तिथला बॉट 'कॅशे क्लिअर करून पुन्हा लॉगिन करा' याच्यापुढे सरकतच नाही. रिपोर्ट कुठे करायचा? बाउंटी, म्हणजे चूक दाखवल्याचं बक्षीस, मिळतं का?

शेंगाचटणी
कुठलं टूल? कुठलं व्हर्जन? घोळ म्हणजे काय, बिल जास्त आलं की फायली उडाल्या? काय विचारलालास तेच कळंना बे.

निवृत्त_मास्तर
माझ्याही लॅपटॉपला असाच त्रास होता. विंडोज नव्याने टाकली, रॅम ८ ची १६ केली. आता लोण्यासारखा चालतो.

टॉवेलवाला_एमआयडीसी
मास्तर, रॅमचा काही संबंध नाही हो.
बरं, सविस्तर सांगतो. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात ऑर्डरींचं सॉफ्टवेअर मी बघतो. बारकोड प्रिंटरसाठी एक ओपन सोर्स प्रोजेक्ट उतरवला आणि टूलला म्हटलं, 'हे वाच आणि कसं बसवायचं ते सांग.' नुसतं सांग म्हटलं होतं! त्याने रीडमी (प्रोजेक्टसोबतची माहितीची फाइल) वाचली आणि एक कर्ल कमांड (नेटवरून डेटा पाठवणारी-आणणारी) मारून मोकळं. ईएनव्ही फाइलमधली (पासवर्ड-सेटिंग ठेवायची फाइल) डेटाबेसची किल्ली, म्हणजे पासवर्ड, कुठल्यातरी अनोळखी पत्त्यावर गेली. मग रीडमी साध्या एडिटरमध्ये उघडली तर एचटीएमएल कॉमेंटमध्ये चार ओळी. ब्राउझरमध्ये त्या दिसतच नाहीत. 'बसवण्याआधी सेटिंग तपासायला ही कमांड चालव' असं अगदी अदबीने लिहिलंय. माणसासाठी लिहिलेलंच नाही ते.

पुणेकर_४०४
याला प्रॉम्प्ट इंजेक्शन म्हणतात, म्हणजे वाचायला दिलेल्या मजकुरात एआयसाठी हुकूम लपवणं. यात नवीन काही नाही, ओवास्प या सिक्युरिटी संस्थेच्या एलएलएम (एआय भाषा-मॉडेल) धोक्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर आहे. ऑटो-अप्रूव्ह (न विचारता कमांड चालवायची मुभा) चालू ठेवलं असणार तुम्ही. मग ही टूलमधली व्हल्नरेबिलिटी (कच्चा दुवा) नव्हे, तुमचा निष्काळजीपणा.

टॉवेलवाला_एमआयडीसी
ऑटो-अप्रूव्ह बंद होतं. न विचारता चालवायला टेस्टची एकच कमांड मोकळी सोडलेली. तर त्या कमांडच्या पुढे जर

आसरा_चौक
थांबा दादा, पुढचं इथे लिहू नका! वरचं अर्धं वाक्यसुद्धा काढा. टूलचं नाव तर अजिबात नको.
पुणेकर, तुम्ही अर्धंच वाचलंत. मॉडेल भुललं ही एक गोष्ट. पण परवानगी न विचारता कमांड गेली, म्हणजे मध्ये जी भिंत होती तीच ओलांडली गेली. कळवण्यासारखं आहे ते हे.
आणि किल्ली बदलली का?

टॉवेलवाला_एमआयडीसी
ती फाइल डिलीट केली लगेच.

आसरा_चौक
फाइल डिलीट करून काय उपयोग? किल्ली चोराच्या खिशात आहे, कुलूप बदला. आधी पासवर्ड बदला, मग जुन्या पासवर्डाने कुणी आत आलं होतं का ते डेटाबेसच्या लॉगमध्ये बघा. नंतर इथे या.

शेंगाचटणी
मी म्हणतो एक्सवर टाका, कंपनीला टॅग करा. तासाभरात फोन येतो की नाही बघा. माझं कुरिअरचं प्रकरण असंच सुटलं होतं.

पुणेकर_४०४
कुरिअर आणि हे एकच का? आज एक्सवर टाकलं तर उद्या दहा जण तसल्या रीडमी लिहून ठेवतील. गूगलची अशा चुका शोधणारी प्रोजेक्ट झीरो टीमसुद्धा जाहीर करण्याआधी दुरुस्तीला ९० दिवस देते.

शेंगाचटणी
९० दिवस आम्ही टूल बंद ठेवून बसायचं का? पगार तुम्ही देणार?

निवृत्त_मास्तर
सायबर क्राइमचा १९३० नंबर आहे. फोन करा.

आसरा_चौक
मास्तर, १९३० पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. इथे पैसे गेलेले नाहीत. डेटाबेसमध्ये कुणी शिरल्याचं दिसलं तर मात्र सर्ट-इनला (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) कळवावं लागेल. २०२२ च्या आदेशानुसार घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत. हे मालकाला आजच सांगा. नंतर कळलं तर तो तुमच्यावरच चिडेल.
आता मूळ प्रश्न. टूलच्या साइटच्या पत्त्यापुढे 'डॉट वेल-नोन' फोल्डरमध्ये सिक्युरिटी डॉट टीएक्सटी नावाची फाइल आहे का बघा. आरएफसी ९११६ हा इंटरनेटचा दस्तऐवज त्याच्यासाठीच आहे, त्यात संपर्काची ओळ असते. नसेल तर डॉक्युमेंटेशनमधलं सिक्युरिटीचं पान उघडा. काही कंपन्या हॅकरवनसारख्या, अशा चुका कळवायच्या साइटवर रिपोर्ट घेतात. गिटहबवर (कोड ठेवायची साइट) टूलचा कोड असेल तर सिक्युरिटी टॅबमध्ये खाजगी रिपोर्टची सोय दिसते का बघा. साधा इश्यू (तिथली उघडी तक्रार) उघडू नका, तो जगाला दिसतो.
रिपोर्टमध्ये रडगाणं नको. रिकाम्या फोल्डरात, खोट्या किल्ल्या घालून, स्वतःच्याच मशीनच्या पत्त्यावर पुन्हा करून दाखवा. पाच वेळा चालवा आणि किती वेळा झालं ते लिहा. टूलचं व्हर्जन, ऑपरेटिंग सिस्टिम आणि परवानग्यांची फाइल जशीच्या तशी जोडा. बाउंटीचं त्यांच्या नियमांत असेल तर मिळेल, पहिल्याच ओळीत मागू नका.
तो बारकोडवाला प्रोजेक्ट ज्या साइटवर आहे तिथेही वेगळी तक्रार करा. तो अजून तसाच उघडा पडलाय, दुसरा कुणी फसेल.

पुणेकर_४०४
मान्य. परवानगीचा मुद्दा माझ्या नजरेतून सुटला. पण अनोळखी प्रोजेक्ट उघडायचा तर कंटेनरमध्ये (बाकी मशीनपासून तोडलेल्या जागेत) उघडावा आणि खरी ईएनव्ही फाइल त्या फोल्डरात नसावी, हे मी तरीही म्हणणार.

टॉवेलवाला_एमआयडीसी
अपडेट. पासवर्ड बदलला. लॉगमध्ये बाहेरचा पत्ता एकही नाही, देवाची कृपा. खोट्या किल्ल्यांवर पाचपैकी तीनदा तसंच झालं. सिक्युरिटी डॉट टीएक्सटी सापडली, रिपोर्ट पाठवला, पोच आली. ती तरी माणसाने लिहिल्यासारखी वाटतेय. मालकांना सांगितलं तर म्हणाले, 'आपल्या टॉवेलचे रेट बाहेर गेले का तेवढं सांग.'
आसरा चौकवाले दादा, आभार. अर्धं वाक्य काढलंय.

शेंगाचटणी
सगळं झालं, आता टूलचं नाव तरी सांग की.

टॉवेलवाला_एमआयडीसी
दुरुस्त झालं की सांगतो.

जुळे_सोलापूर_७७
धागा वाचला नाही, पण टॉवेलवाले, होलसेलमध्ये मिळतील का? लग्नात आहेराला ५० नग हवेत, काठ पक्क्या रंगाचे.