मदत हवी आहे : कैरोहून सुट्टीच्या दोन दिवसांत सिवा मरूद्यान पाहून होईल का?

नमस्कार. मी अरबी शिकण्यासाठी एका सत्रापुरती कैरोत आले असून नोव्हेंबरमध्ये वर्गमैत्रिणीबरोबर सिवाला जाऊन यावे असा विचार आहे. इथे साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी व शनिवारी असते, त्यामुळे गुरुवारी रात्री निघून रविवारच्या वर्गाआधी परत यायला हवे. सिवा लिबियाच्या सीमेपासून 50 किलोमीटरच्या आसपास, तर कैरोपासून रस्त्याने सुमारे 750 किलोमीटर आहे, आणि मार्सा मत्रूहमार्गे जाणारी रात्रीची बस दहा ते बारा तास घेते असे वसतिगृहातल्या मुली सांगतात. म्हणजे दोन रात्री बसमध्ये आणि मुक्कामाला एकच. एवढी दगदग करावी, की शंभरेक किलोमीटरवरच्या फायूम या मरूद्यानावर समाधान मानावे? दुसरे असे, की परतताना वाळवंटातून बहारिया या दुसऱ्या मरूद्यानामार्गे येऊन पांढरे वाळवंटही पाहता येईल का? आम्ही दोघीच असल्यामुळे तिथल्या झऱ्यांत उतरताना कोणते कपडे घालावेत, वाळूच्या टेकड्यांत जाण्यासाठी कोणाची परवानगी लागते आणि शाकाहारी माणसाची जेवणाची सोय काय, हेही कोणी सांगितल्यास उपकार होतील.

प्रतिसाद : नोकरीनिमित्त अलेक्झांड्रियात राहत असताना मी सिवाला जाऊन आलो आहे, त्यावरून लिहितो. आधी बहारियाचा विचार सोडून द्या. त्या वाळवंटी रस्त्याने लष्कराच्या परवानगीशिवाय परदेशी प्रवाशांना जाता येत नाही, आणि ती परवानगी मिळेलच असे धरून दोन दिवसांची सहल आखणे शहाणपणाचे नाही. 2015 च्या सप्टेंबरमध्ये बहारियाच्या परिसरात सुरक्षा दलांनी मेक्सिकन पर्यटकांच्या ताफ्यावर अतिरेकी समजून हल्ला केला आणि त्यात 12 जण मारले गेले. तेव्हापासून पश्चिमेच्या वाळवंटातले नियम फार कडक झाले. तेव्हा ज्या रस्त्याने जाल त्याच रस्त्याने परत या. तो रस्ताही काही कमी नाही : इ. स. पू. 331 मध्ये अलेक्झांडर अमून देवतेचा कौल घ्यायला निघाला, तेव्हा तोही किनाऱ्याकिनाऱ्याने आजच्या मत्रूहपर्यंत येऊन मग दक्षिणेला वळला होता. ज्या देवळात तो गेला त्याचे अवशेष सिवातल्या अघुर्मीच्या टेकडीवर आहेत.

शुक्रवारी पोहोचल्यावर थोडी झोप काढून संध्याकाळी शाली हा जुना कोट पाहा. तो केरशेफने, म्हणजे मीठ मिसळलेल्या मातीच्या ढेकळांनी बांधलेला आहे. भिंतीला नाक लावून पाहिलेत तर मिठाचे खडे चमकताना दिसतात. 1926 मध्ये तीन दिवस पाऊस कोसळला, मिठाच्या त्या भिंती विरघळून ढासळल्या आणि लोक खाली उतरून नवी घरे बांधून राहू लागले. शनिवारी सकाळी मिठाच्या खाणींतली हिरवी-निळी तळी पाहा. पाणी इतके खारट असते की अंग आपोआप तरंगते. मात्र टाचेला भेग असेल तर ती अशी झोंबते की विचारू नका, आणि डोळ्यांत थेंबही जाऊ देऊ नका. बाहेर आल्यावर अंगावर पांढरा थर सुकतो, म्हणून लगेच गोड्या पाण्याच्या झऱ्यावर जावे. क्लिओपात्राचा म्हणून ओळखला जाणारा झरा अगदी वाटेवर आहे आणि येणारे-जाणारे थांबून पाहत असतात, तेव्हा सैल सदरा आणि पूर्ण लांबीची विजार घालूनच उतरलेले बरे. स्थानिक स्त्रियांची छायाचित्रे काढू नका.

वाळूच्या टेकड्यांत स्वतःहून जाता येत नाही. परवाना तिथला वाटाड्या काढून देतो, त्यासाठी पासपोर्टचा तपशील त्याला आधी कळवून ठेवा. नोव्हेंबरमध्ये रात्री चांगलाच गारठा पडतो, तेव्हा स्वेटर न्या. जेवणाची काळजी नको : फूल (म्हणजे बाकल्याच्या दाण्यांची उसळ), ताअमिया (त्याच दाण्यांचे तळलेले वडे), गरम पाव, ऑलिव्ह आणि खजूर सगळीकडे मिळतात. घरात लोक सिवी ही अमाझिग (बर्बर) भाषा बोलतात, पण अरबी सर्वांना येत असल्याने तुमचा अभ्यासही होईल. गावात फिरायला तीनचाकी रिक्षा आहेत. इजिप्तमधल्या पुष्कळशा रिक्षा बजाजच्याच असतात, हे पाहून पुणेकराला उगाच बरे वाटते. रविवारचा पहिला तास मात्र बुडणार असे समजूनच निघा.

दुसरा प्रतिसाद : वरील माहिती बरोबर असली तरी माझे मत फायूमच्या बाजूने आहे. फायूमला पाणी झऱ्यांचे नसून बहर युसुफ कालव्याने नाईलमधून येते, म्हणून काही जण त्याला मरूद्यान मानतच नाहीत, पण त्यालगतच्या वाळवंटातले वादी अल-हितान 2005 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. सुमारे चार कोटी वर्षांपूर्वीच्या, मागचे इवलेसे पाय शिल्लक असलेल्या देवमाशांचे सांगाडे तिथे वाळूत उघड्यावर पडलेले आहेत. एका मुक्कामात हे सगळे निवांत पाहून होते. सिवाला दोन नव्हे, निदान चार दिवस द्यावेत.

धागाकर्ती : दोघांचीही मनःपूर्वक आभारी आहे. मन अजून सिवाकडेच ओढते आहे. एक अडचण राहिली : माझा पासपोर्ट निवास परवान्यासाठी कार्यालयात जमा आहे. तपासणी नाक्यांवर छायाप्रत चालेल का?

पहिला प्रतिसादक : तो धोका पत्करू नका. मत्रूहच्या रस्त्यावर मध्यरात्री बस थांबवून कागद पाहतात आणि मूळ पासपोर्ट नसेल तर उतरवून ठेवण्याची शक्यता असते. पासपोर्ट हातात येईपर्यंत फायूम करून घ्या, आणि सिवा सत्र संपल्यावरच्या मोठ्या सुट्टीसाठी ठेवा.