माझी नायिका सहा प्रकरणं नुसती रडतेय. काय करू?

काठावरची:
मंडळी, तीन वर्षांपासून एक फँटसी कादंबरी रखडत लिहितेय. नायिका तिमा, वय १६, राजवाड्यात दिवाबत्तीच्या कामावर. राजघराण्याचा नंदादीप विझल्याचा आळ तिच्यावर येतो (विझवला भलत्यानेच) आणि तिला खाऱ्या वाळवंटापलीकडे हद्दपार करतात. पुढचं सांगत नाही, न जाणो कुणी वाचलीच तर.

तर ही बया सहा प्रकरणं रडते. 'माझ्याच नशिबी का' हे वाक्य मोजलं, ११ वेळा आहे. बहिणीने समासात पेन्सिलीने लिहिलंय, "हिला एक ठेवून द्यावीशी वाटते." सातव्यात लांडगे येतात आणि तिमा मशाल घेऊन त्यांच्यावर धावून जाते. तिथे बहिणीचा शेरा: "ही कोण?"

रडणं सरळ कापून टाकू का? हात होत नाही. मला स्वतःला एकदा काही चूक नसताना नोकरीवरून काढलं होतं, तेव्हा दोन महिने मी अशीच होते. डोकं विंचरायचासुद्धा कंटाळा.

जुनी वही:
कापू नका, तिचं स्वतःचं करा. 'माझ्याच नशिबी का' हे कुणीही म्हणेल. दिवे लावणारी पोरगी काय म्हणेल? तिन्हीसांजा झाल्या की तिचे हात शिवशिवतील. उत्तरेकडच्या जिन्यातल्या दिव्याची वात डावीकडे झुकते, हे नव्या मुलीला कुणी सांगितलं असेल का? सांगितलं नसेल तर बरंच झालं, होऊ दे काजळी! यात स्वतःची कीव आहे, थोडा खुनशीपणा आहे, आणि वाडाही दिसतो.

दुसरं म्हणजे, तिचं रडणं ऐकतंय कोण? ग्रिम बंधूंच्या १८१५च्या खंडात हंस राखणाऱ्या मुलीची गोष्ट आहे. मुळात ती राजकन्या, पण दासीने तिची जागा बळकावलेली, वर कुणाला सांगणार नाही अशी शपथ घ्यायला लावलेली. म्हातारा राजा म्हणतो, मला नको सांगूस, त्या लोखंडी शेगडीला सांग. ती आत शिरून मन मोकळं करते आणि राजा धुराड्याला कान लावून सगळं ऐकतो. तिथे रडण्यानेच गोष्ट पुढे सरकते. तुमची तिमा वाळूला ऐकवतेय.

तिरपागडा:
माझं भांडण लांडग्यांशी आहे. मशाल घेऊन धावणं हे शिपायाचं धाडस झालं. दासीला काय येतं? पावलांवरून माणूस ओळखणं, अंधारात पायऱ्या मोजत उतरणं, कुणाच्या नजरेत न येता खोलीत वावरणं. आणि हिला तर बुधल्यातलं तेल किती वेळ पुरेल हे नुसतं हलवून कळत असणार. समजा, रात्री सगळे घाबरलेत, म्होरक्या म्हणतोय सगळे दिवे पेटवा. आणि ती म्हणते, "नाही. पहाटेपर्यंत पुरणार नाही. एकच वात ठेवा." जन्मात कुणाला 'नाही' म्हटलेलं नसेल, तर त्या एका शब्दाला लागू देत की सहा प्रकरणं.

काठावरची:
@तिरपागडा, आत्ता फाइलमध्ये शोधलं. अख्ख्या हस्तलिखितात तिमा एकदाही कुणाला 'नाही' म्हणत नाही. मी हे ठरवून केलेलं नव्हतं! अंगावर काटा आला.

खडूस:
सगळं ठीक, पण 'आधी कीव, मग धैर्य' हा जिनाच मला पटत नाही. महाभारतातलं विराटपर्व काढून बघा. अज्ञातवासात द्रौपदी सैरंध्री नावाची दासी होऊन विराट राजाची राणी सुदेष्णा हिच्या सेवेत आहे. राणीचा भाऊ कीचक तिला भर सभेत लाथ मारतो आणि कुणी उठत नाही. रात्री ती पाकशाळेत जाऊन आचारी झालेल्या भीमाला उठवते आणि सगळं उकरून काढते: द्यूत, वनवास, राजासाठी चंदन वाटून घट्टे पडलेले हात. भीम ते हात तोंडाशी धरून रडतो. आणि दुसऱ्या दिवशी हीच बाई कीचकाला नृत्यशाळेत यायची वेळ देते. रडून संपलं, मग शूर झाली, असा प्रकार नाहीच. दोन्ही एकाच रात्रीत, एकाच बाईत. तेव्हा तुमची तिमा सातव्यात 'नाही' म्हणाली तरी नवव्यात पुन्हा मुसमुसू दे. नाही मुसमुसली तर बहीण परत विचारेल, ही कोण.

काठावरची:
दहा दिवसांनी येतेय. लांडगे काढले. वाईट वाटलं, बरे जमले होते. ११चे २ झाले, त्यातलं एक नवव्या प्रकरणात (@खडूस, तुमच्यासाठी). रडणं आता एका बहिऱ्या उंटवाल्याला ऐकू जातं. तो बहिरा नाही हे तिला फार उशिरा कळतं.

बहिणीला पहिली दोन प्रकरणं दिली. लगावून देण्याबद्दल काही नाही. फक्त जिन्यातल्या दिव्यापाशी पेन्सिलीने, "वात डावीकडेच का झुकते?"

आता आली का पंचाईत! त्या जिन्याला खिडकी आहे की नाही, हे मी ठरवलेलंच नाही.