जुन्या शहराच्या मध्यवस्तीत जुना फ्लॅट घेतलाय? अनुभव लिहा

खिडकीकाठ
आज सकाळी समोरच्या बिल्डिंगमध्ये नवीन बिऱ्हाड आलं. ॲमस्टरडॅमकरांना सांगायला नको, छपराखालचा हूक, त्याला दोर नि पुली, आणि सोफा खिडकीतून थेट वरच्या मजल्यावर. जिने इतके अरुंद आणि उभे की आतून न्यायचा प्रश्नच नाही. खाली एक बाई पोराला कडेवर घेऊन श्वास रोखून वर बघत होती, आणि आम्ही घर घेतलं तेव्हाचं सगळं भरभर आठवलं.

सगळे म्हणत होते बाहेर नवीन बांधकाम बघा, लिफ्ट मिळेल, पार्किंग मिळेल. मला मात्र खाली उतरलं की माणसं दिसायला हवी होती. उंच खिडक्या आणि जुन्या तुळया बघून दोघंही हरखलो होतो. पण आता कुणी विचारलं की मी सांगते, तुळया नंतर, आधी पाया विचारा. इथली जुनी घरं लाकडी खुंटांवर उभी आहेत. खुंट पाण्याखाली असतील तर शेकडो वर्षं टिकतात, भूजल खाली गेलं की टोकं उघडी पडतात, हवा लागते आणि कुजायला सुरुवात. तो खर्च एकट्या फ्लॅटचा नसतो, अख्ख्या बिल्डिंगचा असतो, भिंत सामाईक असेल तर शेजारचे पण त्यात येतात.

दुसरं म्हणजे व्हीव्हीईचा, म्हणजे मालकांच्या संघाचा हिशोब. २०१८ पासून दरवर्षी राखीव निधीत पैसे टाकणं कायद्यानं सक्तीचं आहे, देखभालीच्या आराखड्याप्रमाणे किंवा निदान इमारत पुन्हा बांधायच्या खर्चाच्या ०.५ टक्के. निधी रिकामा दिसला तर पुढचं छप्पर तुमच्या खिशातून होणार हे समजून किंमत बोला. सही झाल्यावर विचार बदलायला ३ दिवस मिळतात, ते सगळे मी कागद वाचण्यात घालवले.

तुमचंही लिहा, चांगलं वाईट सगळं.

पाचवामजला
पॅरिस. लिफ्ट नाही. पूर्वी लिफ्ट नव्हत्या तेव्हा श्रीमंत लोक दुसऱ्या मजल्यावर राहायचे आणि वर छपराखाली नोकरांच्या खोल्या, म्हणून वर चढाल तशी छतं बुटकी होत जातात. आम्ही छपराखालचंच घेतलंय आणि उजेड इतका सुंदर आहे की जिन्याचं काही वाटत नाही.
पण उतरतं छप्पर असेल तर मोजणी नीट बघा. १.८० मीटरपेक्षा कमी उंचीची जागा कारे कायद्याच्या, म्हणजे फ्लॅट विकताना क्षेत्रफळ मोजायच्या इथल्या कायद्याच्या, क्षेत्रफळात धरत नाहीत. कागदावर लिहिलंय त्यापेक्षा प्रत्यक्षात ५ टक्क्यांहून जास्त कमी निघालं तर वर्षाच्या आत किंमत कमी करून मागता येते. १९४९ च्या आधीची इमारत असेल तर रंगातल्या शिशाचा रिपोर्ट द्यावाच लागतो, घरात लहान मूल असेल तर तो पहिल्यांदा वाचा. आणि मालकांच्या सभेची ३ वर्षांची इतिवृत्तं! त्यात सगळं कळतं, कोण पैसे थकवतंय, कोण कुणाशी भांडतंय, दर्शनी भागाची डागडुजी कधी काढणार आहेत. बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय

उंबरठा
@पाचवामजला आई-बाबा येतात तेव्हा काय करता? आमचा व्यवहार याच मुद्द्यावर अडलाय, माझे बाबा ७४ चे आहेत, गुडघे दुखतात

पाचवामजला
प्रत्येक वळणावर एक घडीची खुर्ची ठेवलीय. शेजारच्या आजींनी स्वतःहून सुचवलं, त्या पण तिथेच बसतात. आता सासूबाई नि त्या तिसऱ्या मजल्यावर बसून हातवाऱ्यांनी गप्पा मारतात, दोघींना एकमेकींची भाषा येत नाही ❤️

उंबरठा
वा वा, किती छान. बाबांना वाचून दाखवते

दगडीभिंत
इटलीतल्या बोलोन्याहून. इथे गंमत अशी की घरापुढचा कमानींचा पोर्टिको, म्हणजे वर छप्पर असलेली चालायची वाट, आपल्या इमारतीच्या मालकीचा, पण त्यातून चालायचा हक्क सगळ्या गावाचा. मध्यवस्तीत मिळून सुमारे ३८ किमी पोर्टिको आहेत, २०२१ ला जागतिक वारसा यादीत पण आले. पावसात छत्री लागत नाही हे खरं, पण कमानीची गिलावा-दुरुस्ती निघाली की वर्गणी आपल्याला. युनिव्हर्सिटी जवळ, त्यामुळे रात्री पोरं पोर्टिकोखाली गप्पा मारत बसतात आणि कमानीमुळे आवाज घुमतो. म्हणून घर दुपारी बघून निर्णय घेऊ नका, शुक्रवारी रात्री उशिरा जाऊन खाली उभे राहा.
अजून एक, मला हे मनापासून सांगायचंय. जुन्या दगड-विटांच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिक पेंट लावू नका. भिंत चुन्यात बांधलेली असते, चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आतच अडकवतं आणि मग पोपडे नि बुरशी. घर विकणारे घाईघाईत रंग मारून देतात. ताज्या रंगाचा वास आला की कपाटामागे हात लावून बघा.

चांदणवेल
हे चुन्याचं आमच्याकडे पण!! लिस्बन. आमची इमारत १७५५ च्या भूकंपानंतरच्या काळातली आहे, भिंतींच्या आत लाकडी फुल्यांची चौकट असते, गायोला म्हणतात, भूकंपात इमारत लवचिक राहावी म्हणून. आता लोकांना मोठा हॉल हवा असतो, मग मधल्या भिंती पाडतात, त्यात ती चौकट तुटते आणि अख्खी बिल्डिंग कमजोर होते. आम्हाला घर दाखवताना ब्रोकर उत्साहानं सांगत होता बघा किती ओपन केलंय, आणि आमच्या इंजिनिअर मैत्रिणीचा चेहरा उतरला. ते घर सोडलं. नंतर जे घेतलं त्यात खोल्या लहान आहेत पण भिंती जिथल्या तिथे आहेत. खालच्या मजल्यावर काय पाडलंय तेही विचारा, विशेषतः खाली दुकान असेल तर

खिडकीकाठ
@चांदणवेल बरं झालं लिहिलंस, खालच्या मजल्याचं डोक्यात येत नाही कुणाच्या

रात्रपाळी
बर्लिन. भाडेकरूसकट फ्लॅट स्वस्त मिळतो म्हणून उडी मारू नका. भाडेकरू राहत असताना इमारतीचे वेगवेगळे फ्लॅट करून विकले असतील तर स्वतःला राहायचंय म्हणून त्यांना १० वर्षं नोटीस देता येत नाही. आणि मला विचाराल तर ते बरोबरच आहे, आमच्या वरच्या काकू कित्येक वर्षं तिथे आहेत, त्यांना काढून कुणी घर सजवावं असं मला वाटत नाही. रिकामा फ्लॅट शोधला, वेळ लागला, चालेल.
नोटार, म्हणजे घराचा करार करून देणारा अधिकृत कायदेतज्ज्ञ, अख्खा करार मोठ्यानं वाचून दाखवतो, कायद्यानंच. आम्ही मराठी मित्राला मसुदा आधी वाचायला दिला होता कारण विकणारी कंपनी असेल तर तो सहसा किमान २ आठवडे आधी हातात मिळतो, तेव्हा प्रश्न लिहून न्या

पाऊलवाट
घंटांबद्दल कुणीच लिहिलं नाही! आम्ही ॲमस्टरडॅमच्या वेस्टरकेर्क चर्चजवळ राहायचो, दर पंधरा मिनिटांनी वाजते. पाहुणे दचकायचे, बाळ मात्र त्या आवाजातच झोपायचं. आता उपनगरात आलोय तर ते शांततेत झोपत नाही

पाचवामजला
@पाऊलवाट अगं कित्ती गोड. कितीचं आहे बाळ?

पाऊलवाट
दीड वर्षाची. दात येताहेत, त्यामुळे हल्ली कुठेच झोपत नाही 😄

उंबरठा
बाबांनी खुर्च्यांचं वाचलं, म्हणाले मग तिसरा मजला चालेल मला. उद्या परत घर बघायला जातोय, यावेळी रात्री. @खिडकीकाठ पायाचा रिपोर्ट मागायचा तो व्हीव्हीईकडे की मालकाकडे?

खिडकीकाठ
आधी मालकाच्या एजंटकडे माग, लेखी. नसेल तर ऑफर देताना अट घाल की पायाची तपासणी होऊन रिपोर्ट आल्यावरच व्यवहार पक्का. शेजारच्या घरांच्या दरवाजांच्या चौकटी तिरक्या झाल्यात का तेही बघून घे जाता जाता. आणि काय झालं ते इथे लिही.